एका पारड्याचा रोमन काटा घरी कसा बनवाल

शाळेत ‘प्राचीन रोम’ असा विषय निघाला की पोरं पुठ्ठ्याचं शिरस्त्राण नाहीतर थर्माकोलची तलवार करून नेतात. संध्याकाळपर्यंत दोन्हींचा चुरा होतो. शिवाय रोममधल्या साध्या माणसाच्या हाती तलवार येत असेल कितीदा? त्याच्या रोजच्या पाहण्यातली वस्तू हवी असेल तर मी काटा सुचवेन. लांब दांडी, एकच पारडं आणि दांडीवर सरकणारं एकच वजन. त्याचं नाव स्टाटेरा. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात असे काटे सापडले आहेत. रोममधल्या एका खाटकाच्या दुकानाचं दुसऱ्या शतकातलं दगडी शिल्प आज जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. त्यात खाटीक ओंडक्यावर मांस तोडतोय, समोर बाई खुर्चीत बसून पाटीवर हिशोब लिहितेय आणि मागे हाच काटा टांगलेला आहे. दाणाबाजारातल्या कुठल्याही गाळ्यात नवरा-बायको असेच बसलेले दिसतील.

मी जळगावात काटे दुरुस्त करतो, वडीलही तेच करायचे. तागडी, पितळी दांडीचे तराजू, कापसाच्या जिनिंगमधले प्लॅटफॉर्म काटे हे सगळं हातांखालून गेलंय. आता इलेक्ट्रॉनिक काट्यांत दुरुस्ती म्हणजे लोडसेल, म्हणजे आतला वजन ओळखणारा भाग, बदलणं, त्यामुळे हातांना काम उरत नाही. यावल तालुक्यातल्या एका शाळेसाठी हा रोमन काटा पहिल्यांदा केला आणि मग मागणी येतच राहिली. एका पोराने तो पाहताच विचारलं, “काका, याले एकच पारडं कसं शे?” त्याचं उत्तर आधी देतो, कारण ते कळलं नाही तर पुढची मापं नुसती पाठ करावी लागतील.

आपल्या तागडीत टेकू, म्हणजे दांडी जिथून टांगतात ती जागा, बरोबर मध्ये असतो. दोन्ही हात सारखे, म्हणून तीन किलो तोलायला तीन किलोची मापं लागतात. रोमन काट्यात टेकू एका टोकाजवळ असतो. माल आखूड हाताला टांगायचा आणि लांब हातावर छोटं वजन मागे-पुढे सरकवायचं. टेकूपासून ६ सेंटिमीटरवर तीन किलो माल असेल, तर दुसऱ्या बाजूला ३६ सेंटिमीटरवरचा अर्धा किलो त्याला पेलतो. दांडीचं स्वतःचं वजन सध्या बाजूला ठेवू. सहा त्रिक अठरा, छत्तीसचा अर्धा अठरा, एवढाच हिशोब. विट्रुव्हियस नावाचा वास्तुविशारद इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात होऊन गेला. इमारतींबरोबर त्याने यंत्रांवरही लिहिलं आणि तिथे हेच सांगितलं आहे: धरायची कडी दांडीच्या डोक्याजवळ असते, म्हणून छोटं वजन खूण-खूण पुढे नेलं की मोठ्या बोजाशी बरोबरी करतं.

जिनिंगमध्ये किंवा जुन्या गोदामात प्लॅटफॉर्म काटा पाहिला असेल, तर त्याच्या वरच्या पितळी पट्टीवर सरकणारा गोळा आठवा. तो याच काट्याचा वंशज. पोती खाली फळीवर आणि हिशोब वर पट्टीवर, पण तत्त्वात बदल नाही.

काय काय लागेल

सागाची सरळ पट्टी घ्या. लांबी ६० सेंटिमीटर आणि चारही बाजू २ सेंटिमीटर. सुताराकडे तुकड्यांच्या ढिगात सहज मिळते. रेषा सरळ असाव्यात आणि गाठ नसावी. बांबू नको, त्याला खुणा घालायला सपाट बाजूच नसते. रोमन काट्याच्या दांडीलाही सपाट बाजू असायच्या, कारण एका बाजूवर हलक्या मालाची मापं कोरायची असत आणि दुसरीवर जड मालाची. आपणही तेच करणार आहोत.

दोन कडीचे स्क्रू लागतील. पडद्याची स्प्रिंग ताणायला लावतात तसे, पण त्यांतले जाड. चार मिलिमीटरची लोखंडी तार हातभर, म्हणजे तिचे आकडे वळता येतील. कडा असलेली हलकी स्टीलची ताटली, नायलॉनची बारीक दोरी, आणि फिरकीच्या झाकणाची छोटी स्टीलची डबी. डबीत भरायला जुने नट-बोल्ट आणि बारीक वाळू. हत्यारांत करवत, गिरमिट, तिकोनी कानस, पक्कड, पॉलिश पेपर. चेहरा करायचा असेल तर मूठभर शाडू माती.

दांडी

पट्टीच्या चारही बाजूंना पेन्सिलने नावं द्या: वरची, खालची, समोरची, मागची. ही नावं शेवटपर्यंत पुसू नका. डावं टोक म्हणजे दांडीचं डोकं. सगळं मोजमाप तिथून.

डोक्यापासून २ सेंटिमीटरवर चारही बाजूंनी कानशीने एक खाच फिरवा. खोली दीड मिलिमीटर पुरे. तारेचं एक कडं या खाचेत बसेल आणि त्याला पारडं टांगायचं आहे. कडं घट्ट आवळू नका, ते खाचेत टेकलेलं आणि हलतं राहिलं पाहिजे.

आता टेकू. वरच्या बाजूवर डोक्यापासून ८ सेंटिमीटरवर गिरमिटाने आधी बारीक छिद्र पाडा, मगच कडीचा स्क्रू फिरवा. छिद्र न पाडता स्क्रू दाबला तर साग रेषेत चिरतो. खाचेपासून हा टेकू ६ सेंटिमीटरवर आला. मग दांडी उलटी करा आणि खालच्या बाजूवर डोक्यापासून ५ सेंटिमीटरवर दुसरा स्क्रू लावा. हा खाचेपासून ३ सेंटिमीटरवर आला. पहिला टेकू हलक्या मालासाठी आणि दुसरा जड मालासाठी. हात अर्धा झाला की तेवढंच सरकतं वजन दुप्पट माल पेलतं. जड माल आला की दुकानदार दांडी स्वतःभोवती अर्धा फेरा फिरवायचा आणि दुसऱ्या आकड्याने उचलायचा. काही रोमन काट्यांना असे तीन आकडे असतात.

इथे एक गोष्ट लक्षपूर्वक करा. कुठल्याही काट्यात तीन जागा महत्त्वाच्या: माल जिथे टेकतो, वजन जिथे टेकतं आणि टेकू. टेकू बाकीच्या दोघांपेक्षा किंचित वर हवा. तो खाली गेला तर दांडी एकदा कलली की सरळ होत नाही, धाडकन एका बाजूला जाते. तो फार वर गेला तर काटा सुस्त होतो आणि शंभर ग्रॅम टाकले तरी हलत नाही. म्हणून स्क्रू इतका आत फिरवा की कडी लाकडाला जवळजवळ टेकेल. कडीच्या आतली वरची कड, म्हणजे जिथे आकडा अडकतो ती जागा, दांडीच्या वरच्या पृष्ठापासून सात-आठ मिलिमीटर वर असली की काम चोख होतं. दोन किलो मालावर दहा ग्रॅमचा फरक दांडीच्या शेपटाला सेंटिमीटरभर झुकाव देतो, आणि तो लांबूनही दिसतो.

आकड्याची तार जिथे कडीला टेकते तिथे तिला कानशीने धार आणा. बोट कापेल इतकी नको, पाठ निमुळती झाली तरी पुरे. गोल तार गोल कडीत लोळते आणि त्या लोळण्यात वजन चुकतं. चांगल्या तराजूत टेकूला पोलादी धार बसवतात ती याचसाठी. आमच्या धंद्यात निम्मी दुरुस्ती म्हणजे बोथटलेली धार पुन्हा लावणं.

ताटलीला कडेने तीन छिद्रं पाडा, सारख्या अंतरावर. तीन दोऱ्या वर एकत्र बांधून आकड्यात घाला आणि आकडा खाचेतल्या कड्यात. केळीची फणी किंवा पिशवी थेट आकड्याला टांगता येते, पण मग पारड्याचं वजन निघून जाईल आणि सगळ्या खुणा चुकतील. एक काहीतरी ठरवा आणि तेच कायम ठेवा.

सरकतं वजन

हा काट्याचा जीव. रोमन लोक तो नुसता गोळा करत नसत. ब्राँझचा छोटा अर्धपुतळा ओतायचे आणि आत शिसं भरायचे. कधी मर्क्युरी, कारण तो व्यापाराचा देव. कधी मिनर्व्हा, कधी एखादा सम्राट. गिऱ्हाईक समोर उभं आणि दांडीवर देव सरकतोय, म्हणजे मापात पाप करायला दुकानदाराला थोडं तरी जड जात असेल. माझ्या काट्यावर पोळ्याच्या मातीच्या बैलाचं तोंड आहे. आमच्याकडे मातीचे बैल करायचा हात मुलांना आधीच असतो, म्हणून चेहऱ्यापेक्षा बैल लवकर जमतो.

शिसं वापरू नका. रोमन लोकांना त्याचं विष पुरतं कळलेलं नव्हतं, आपल्याला कळलं आहे. मुलांच्या हातात तर नकोच.

डबीला बाहेरून शाडूचा थर द्या आणि हवं ते तोंड घडवा. दोन-तीन दिवस सावलीत पूर्ण वाळू द्या. शाडू वाळताना पाणी सोडतो आणि हलका होतो, म्हणून डबी आधी भरायची नाही. वाळल्यावर रंग द्या, टांगायला तारेचं कडं लावा आणि मग झाकण उघडून नट-बोल्ट भरा. शेवटचे थोडे ग्रॅम वाळूने जुळवा. कडं, झाकण, रंग धरून सगळं मिळून ४९० ग्रॅम भरलं पाहिजे. घरी स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा नसेल तर किराणा दुकानात जुळवून घ्या. ही सवलत फक्त आपल्याला. रोमन कारागिरालाही शेवटी कुठल्यातरी खात्रीच्या मापाशी ताडून पाहावंच लागत असणार.

४९०च का? रोमन वजनाचं मूळ माप लिब्रा, साधारण ३२७ ग्रॅम. त्याचे बारा भाग, प्रत्येक भाग एक उंकिया, म्हणजे २७ ग्रॅमच्या आसपास. ४९० ग्रॅम म्हणजे दीड लिब्रा. आखूड हात ६ सेंटिमीटर, वजन दीड लिब्रा. सहाला दीडने भागा, चार आले. म्हणजे मालात एक लिब्रा वाढला की डबी बरोबर ४ सेंटिमीटर पुढे जाणार. जड बाजूला हात ३ सेंटिमीटरचा, तिथे एका लिब्राला २ सेंटिमीटर. अशी पूर्ण मापं आली की पट्टीने खुणा पाडता येतात. तुम्हाला किलोचा काटा करायचा असेल तर डबी ५०० ग्रॅमची करा, म्हणजे हलक्या बाजूला एका किलोला १२ सेंटिमीटर पडतील. पण मग तो रोमन राहत नाही.

खुणा

काटा दाराच्या चौकटीला किंवा खुर्चीच्या पाठीला टांगा. वारा नको. आमच्याकडे वैशाखात दुपारी पंखा बंद करायला कोणी तयार होत नाही, म्हणून हे काम सकाळी उरकावं.

वाळूच्या तीन पिशव्या तयार करा, पिशवी धरून वजन: एक ६५४ ग्रॅम (दोन लिब्रा), एक १ किलो ९६२ ग्रॅम (सहा लिब्रा), एक ३ किलो २७० ग्रॅम (दहा लिब्रा). वाळू नसेल तर पाणी चालतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, फक्त बाटलीचं वजन मिळवायला विसरू नका. तेलाची एक लिटरची पिशवी मात्र एक किलो समजू नका. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं.

हलक्या बाजूने सुरुवात करा. वरची बाजू वर ठेवून पहिल्या टेकूला आकडा लावा. पारड्यात दोन लिब्रांची पिशवी ठेवा आणि डबी सरकवत दांडी आडवी करा. आडवी झाली की नाही हे नजरेने ठरवू नका, मागे भिंतीवर गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने आडवी रेघ मारून ठेवा. डबीचं कडं जिथे टेकलंय तिथे समोरच्या बाजूवर बारीक रेघ मारा. मग दहा लिब्रांची पिशवी ठेवून तसंच करा. या दोन रेघांमधलं अंतर ३२ सेंटिमीटर यायला हवं. त्याचे आठ भाग करा, प्रत्येक ४ सेंटिमीटर. आता पारड्यात सहा लिब्रांची पिशवी ठेवा. डबी बरोबर मधल्या खुणेवर उभी राहिली तर काटा खरा. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे गेली तर पिशव्यांची वजनं पुन्हा तपासा. दोन रेघांमधलं अंतरच ३२ आलं नाही तर कडीची जागा तपासा, ती खाचेपासून ६ सेंटिमीटरपेक्षा थोडी कमी-जास्त असेल. कडी तिथेच ठेवून डबीतली वाळू वाढवून-कमी करूनही जुळवता येतं. अंतर ३२ पेक्षा जास्त आलं तर डबी हलकी आहे, कमी आलं तर जड.

बघा, दांडी किती जड आहे आणि पारडं किती जड आहे हे आपण कुठे विचारलंच नाही. ती दोन्ही वजनं पहिली खूण कुठे पडेल तेवढंच ठरवतात, दोन खुणांमधल्या अंतराला हात लावत नाहीत. माझ्या दांडीवर दोन लिब्राची खूण टेकूपासून सव्वादोन सेंटिमीटरवर पडली. तुमचा साग जड असेल तर ती आणखी जवळ येईल, कदाचित टेकूच्या पलीकडेही जाईल. मग तीनपासून सुरुवात करा. या काट्यावर शून्याची खूण नाही. रोमन आकड्यांत शून्याला चिन्हच नव्हतं, त्यामुळे त्यांना त्याची उणीव वाटली नसावी.

खुणा रोमन पद्धतीने कोरायच्या तर दर लिब्राला एक उभी रेघ, पाचला खाली जुळणाऱ्या दोन तिरप्या रेघा, दहाला फुली. अर्ध्यासाठी नागमोडी वळण. मधल्या उंकियांना ठिपके. एका उंकियाला तीन मिलिमीटरच्या थोडं वर जागा मिळते, त्याहून बारीक या लाकडी काट्यावर वाचू नका. दांडीवर चौदापर्यंत खुणा मावतात, म्हणजे साडेचार किलोच्या पुढे.

मग दांडी फिरवा, खालची बाजू वर आणा, दुसऱ्या टेकूला आकडा लावा. आता मागची बाजू तुमच्यासमोर आली, जड मालाच्या खुणा इथे. पारड्यात सहा लिब्रांची पिशवी ठेवून एक खूण, सहा आणि दहाच्या पिशव्या एकत्र ठेवून सोळाची दुसरी. अंतर २० सेंटिमीटर यायला हवं, त्याचे दहा भाग. मग दोन सेंटिमीटरच्या हिशोबाने वीसपर्यंत पुढे न्या. वीस लिब्रा म्हणजे साडेसहा किलो. दांडीवर जागा आणखी असते, पण लाकडात बसवलेल्या स्क्रूवर त्यापेक्षा जास्त भार देऊ नये. पायावर पडलं तर वांधा होईल.

तोलून पाहा

पहिल्यांदा भरिताचं वांगं तोला. आपल्याकडचं मोठं हिरवं वांगं तीन लिब्रांच्या आसपास सहज जातं. दोन्ही आकडे लिहून ठेवायला सांगा, काट्यावरचे लिब्रा आणि घरच्या काट्यावरचे ग्रॅम. मुलांना ३२७ ने गुणायला आवडत नाही, पण वांगं हातात असलं की करतात.

हा काटा घेऊन बाजारात विकायला मात्र बसू नका. २००९च्या वैधमापन कायद्यानुसार तपासणीचा शिक्का नसलेल्या काट्यावर माल विकणं गुन्हा आहे. शिक्क्याची ही रीत जुनी. पॉम्पेई परिसरातल्या एका काट्याच्या दांडीवर कोरलंय की तो रोमच्या कॅपिटोल टेकडीवर तपासून घेतलेला आहे, आणि त्या मजकुरातल्या अधिकाऱ्यांच्या नावांवरून साल निघतं इसवी सन ७७. म्हणजे राजधानीत मूळ माप ठेवलेलं होतं आणि काटा त्याच्याशी ताडलेला आहे हे गिऱ्हाइकाला दाखवायची सोय होती. आमच्या दुकानातून दुरुस्त झालेला प्रत्येक तराजू पासिंगला, म्हणजे शिक्क्याच्या तपासणीला, जातो तेव्हा मला हे वाक्य आठवतं.

पॉम्पेईच्या मुख्य चौकात याहून गमतीची वस्तू होती. दगडी बाकासारखा ओटा आणि त्यात वेगवेगळ्या आकाराचे खोल वाटे. प्रत्येक वाटा म्हणजे धान्याचं एक माप. तळाला भोक, बोट काढलं की धान्य खाली पिशवीत पडतं. कोणाला दुकानदाराच्या मापाचा संशय आला की इथे येऊन भरून पाहायचं. हा ओटा आधी स्थानिक ऑस्कन लोकांच्या मापांचा होता. रोमन सत्ता स्थिरावल्यावर, इसवी सनापूर्वी २० च्या सुमारास, वाटे बदलून रोमन मापांशी जुळवले आणि जुनी नावं खोडली. आपल्याकडे १९५६च्या कायद्याने शेर आणि मण गेले, किलो आला. तरी खेड्यात पायलीने ज्वारी मोजणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. पॉम्पेईतही जुन्या मापांच्या आठवणी काढणारे असणारच.

रोमशी आपलं नातं काट्यापुरतंच नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या टिपणात लिहिलंय की पैठण आणि तेर इथला माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायचा, पैठण तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. त्यात तेरहून जाडंभरडं कापड आणि मलमल. नकाशा उघडून पैठणहून भडोचकडे रेघ ओढा, तापी ओलांडल्याशिवाय ती पोचत नाही. त्या गाड्यांतलं कापड पुढे कुठल्यातरी बंदरात असल्याच काट्याला लागलं असेल, असं मी आपला धरून चालतो.

काटा मारतात कसा

हा भाग मुलांना सगळ्यात आवडतो, आणि पालकांनाही. खेडा खरेदीला व्यापारी गावात काटा घेऊन येतो तेव्हा शेतकऱ्याला सगळ्यात मोठी धास्ती हीच असते. कापूस दारात, काटा त्याचा, आकडा तो सांगेल तो.

रोमन काट्यात सगळा भरवसा त्या एका डबीवर. खुणा एका डबीसाठी पाडलेल्या असतात. डबी बदलली की दांडीवरचा प्रत्येक आकडा खोटा, पण दिसायला सगळं जागच्या जागी. ४९०च्या जागी ५३९ ग्रॅमची डबी लावा, म्हणजे दहावा भाग जास्त. दहा लिब्रांचा माल आता सव्वानऊ लिब्रांच्याही किंचित खाली दिसतो. माल विकत घेणाऱ्याने हे केलं तर शेतकरी बुडाला. उलट डबी हलकी केली तर माल जास्त भरल्यासारखा दिसतो, हे विकणाऱ्या दुकानदाराच्या सोयीचं. देवाचा पुतळा आतून पोखरला तर बाहेरून कोणाला कळणार? रोममध्ये बाजारावर देखरेख करायला एडाइल नावाचे अधिकारी असत आणि खोटी मापं फोडून टाकायचा त्यांना अधिकार होता.

दुसरी खोट बिनदगाबाजीची. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं. दांडीत आठ ग्रॅम ओल शिरली तरी ती लांब हाताच्या बाजूने जड होते आणि हलक्या बाजूला काटा तीसेक ग्रॅम कमी दाखवतो. ब्राँझच्या दांडीला हा त्रास नव्हता. आपण खुणा कोरायच्या आधी दांडीला जवसाचं तेल दोन-तीन हात चोळावं आणि आठवडाभर वाळू द्यावं. खुणा झाल्यावर तेल लावाल तर वजन वाढेल आणि पहिली खूण हलेल. धारेला मात्र तेल लावू नका, धूळ चिकटते.

शाळेत मांडणार असाल तर एक खेळ करा. दिसायला सारख्या दोन डब्या करा, एक ४९०ची, एक ५४०ची. कोणती कुठली हे सांगू नका. दोन गट पाडा आणि एकच वांगं दोन्ही डब्यांवर तोलायला द्या. आकडे वेगळे आले की भांडण सुरू होईल, होऊ द्या. मग सहा लिब्रांची वाळूची पिशवी टेबलावर ठेवा आणि गप्प बसा. ती टांगून बघायची कल्पना कोणाच्या तरी डोक्यात येतेच. आमच्या यावलच्या शाळेत ती मागच्या बाकावरच्या एका मुलीला सुचली, तिचे वडील केळीच्या गाडीवर मापाडी आहेत.